पंचेचाळिशीनंतर कच्चं खायला लागले, त्याचा अनुभव

कच्चं खाते म्हणलं की लोक आधी प्रोटीनचं विचारतात. जबड्याचं कोणी विचारत नाही. मला मात्र सुरुवातीला सगळ्यात जास्त जाणवलं ते जबडा दुखणं, कानाच्या पुढे जिथे सांधा आहे तिथे संध्याकाळपर्यंत ठणकायला लागायचं, कारण आयुष्यभर मऊ शिजवलेलं खाल्लेलं आणि आता एकदम गाजर, कोबी, सफरचंद, बदाम. जेवायला वेळ पण खूप लागतो. आधी दहा-पंधरा मिनिटात ताट रिकामं व्हायचं, आता तेवढ्या वेळात निम्मा वाडगा पण संपत नाही, आणि घाईघाईत गिळलं तर पोट लगेच सांगतं. काही दिवसांनी जबड्याला सवय झाली, वेळेची मात्र सोय करावी लागली, म्हणजे सकाळी उठण्यापासून सगळं थोडं अलीकडे ओढलं.

हे सगळं का करायला घेतलं ते सांगते. वय सेहेचाळीस, पाळी कधी लवकर कधी उशिरा, कंबरेभोवती वजन वाढलेलं, आणि रुटीन ब्लड टेस्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, प्रीडायबेटिसच्या रेंजमध्ये (५.७ ते ६.४ च्या मध्ये असलं की तसं म्हणतात). एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण वर सरकलेलं. आमच्या घरात डायबेटिस आहे, आईला झालेला मी जवळून बघितलाय, त्यामुळे तो रिपोर्ट हातात आल्यावर मला काहीतरी ठोस करायचं होतं. "थोडं कमी खा, थोडं चाला" असलं मला जमत नाही, मला स्पष्ट नियम लागतो. आणि कच्चं खाणं हा फार स्पष्ट नियम आहे. ४० ते ४८ डिग्रीच्या वर गरम केलेलं खायचं नाही, बस. नेमका आकडा प्रत्येकजण वेगळा सांगतो पण साधारण या पट्ट्यातला.

सुरू करायच्या आधी बरंच वाचलं. स्वित्झर्लंडमध्ये मॅक्सिमिलियन बर्चर-बेनर नावाचे डॉक्टर होते, त्यांनी साधारण १९०० च्या सुमारास झुरिकमध्ये आपल्या पेशंटना कच्ची फळं, भाज्या, सुकामेवा द्यायला सुरुवात केली, आज आपण ज्याला म्युस्ली म्हणतो ती त्यांचीच. त्यांच्या मूळ म्युस्लीत ओट्स अगदी थोडे, चमचाभर भिजवलेले, आणि मुख्य म्हणजे सालीसकट किसलेलं अख्खं सफरचंद, लिंबू, वरून सुकामेवा, आणि गोड कंडेन्स्ड मिल्क. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण कंडेन्स्ड मिल्क म्हणजे उकळून आटवलेलं दूध. कच्च्या आहाराचा इतका मोठा पुरस्कर्ता, पण त्यानेही शंभर टक्क्यांचा हट्ट धरलेला नव्हता. पुढे अमेरिकेत बॉस्टनमध्ये अ‍ॅन विगमोर यांनी गव्हांकुराचा रस आणि मोड आलेली धान्यं यावर मोठी चळवळ उभी केली, आज जे 'लिव्हिंग फूड' म्हणून ऐकू येतं त्यातलं बरंचसं तिथून आलंय.

या चळवळीतला सगळ्यात लोकप्रिय मुद्दा एन्झाईमचा. म्हणजे अन्न शिजवलं की त्यातले एन्झाईम मरतात आणि मग आपल्या शरीराला स्वतःचे खर्च करावे लागतात, असं. मला हा पटला नाही आणि आजही पटत नाही. भाजीतले एन्झाईम हे त्या भाजीच्या कामाचे असतात, आपल्या पचनासाठी ते तिथे नसतात, आणि बहुतेक सगळे जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये तसेही निकामी होतात कारण तिथला पीएच दीड ते साडेतीनच्या आसपास असतो. शरीर आपले पाचक एन्झाईम रोज नवीन बनवतं, त्याचा काही ठरलेला साठा नसतो जो संपून जाईल. मला हे मुद्दाम लिहावंसं वाटतं कारण एन्झाईमवर विश्वास ठेवून सुरू केलं की माणूस शंभर टक्क्यांच्या मागे लागतो, एक घास शिजवलेला खाल्ला तरी त्याला पाप केल्यासारखं वाटतं. माझं कारण साधं होतं. कच्चं खायचं ठरवलं की बिस्किटं, तळलेलं, मैदा, साखर, पाकिटातलं सगळं एका फटक्यात बाहेर जातं आणि फायबर आपोआप वाढतं.

डॉक्टर मॅडमना आधी विचारलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण आधी बेसलाइन करून घ्या म्हणाल्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉईड, क्रिएटिनिन, लिपिड, एचबीएवनसी. आणि वय बघता हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. तेव्हा मला तो स्कॅन जरा जास्तच वाटला होता, पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

सुरुवात नाश्त्यापासून केली. आधी फक्त नाश्ता कच्चा, फळं आणि भिजवलेले बदाम-अक्रोड, बाकी दोन्ही जेवणं नेहमीची. मग दुपारचं. मग रात्रीचं. अचानक सगळं बदललेले लोक पोट फुगून, गॅसने हैराण होऊन आठवड्यात सोडून देतात आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो, मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबर आंबवतात तेव्हा गॅस होणारच, आणि त्या जिवाणूंना नवीन खुराकाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. हळू वाढवलं, पाणी वाढवलं, तरी मलाही झालंच. कोबी आणि फ्लॉवर यांचा सगळ्यात जास्त त्रास. कोबी एकदम बारीक चिरून, मीठ आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवला की मऊ पडतो, मग बरा पचतो. पालेभाजीलाही तसंच तेल-लिंबू लावून हाताने जरा चोळायचं.

चहा मी त्याच वेळी बंद केला आणि दुसऱ्या दिवशी डोकं भयंकर दुखलं. यावर एक मैत्रीण म्हणाली की हे टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगली खूण आहे. तसं नसतं. कॅफिन बंद केलं की १२ ते २४ तासात डोकेदुखी सुरू होते आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकते, हे चांगलं माहीत असलेलं आहे. मी डोकं दुखायचं थांबल्यावर शांतपणे विचार केला आणि सकाळचा एक कप परत सुरू केला, फक्त जेवणाच्या वेळेपासून लांब, कारण चहाने लोह शोषलं जायला अडथळा येतो आणि माझं फेरिटिन मुळातच काठावर होतं. एकंदरीतच "टॉक्सिन बाहेर पडतायत" हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, अशक्तपणा असेल तर ते साखर कमी पडल्याचं, पाणी-मीठ कमी पडल्याचं, किंवा बीपीच्या गोळीचा डोस आता जास्त होतोय त्याचं लक्षण असू शकतं, आणि माणूस मात्र चांगली खूण म्हणून घरी बसून राहतो.

मग पोट भरण्याचा प्रश्न आला. काकडीच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी असतात, ९५ टक्के पाणी. टोमॅटो, पालक, कोबी सगळे त्याच घरातले. दिवसाला सतराशे-अठराशे कॅलरी नुसत्या सॅलडमधून काढायच्या तर अनेक किलो भाजी चावत बसावं लागेल, ते कोणालाच शक्य नाही. त्यामुळे कच्च्या आहारावरच्या माणसाच्या खऱ्या कॅलरी येतात फळांमधून, सुकामेव्यातून आणि बियांमधून. बदामाच्या शंभर ग्रॅममध्ये पावणेसहाशेच्या वर कॅलरी. पहिल्या काही आठवड्यात मी वाडगा भरभरून सॅलड खायची, पोट टम्म वाटायचं आणि दोन तासात परत भूक, रात्री तर झोपेतून जाग यायची भुकेने. आणि थंडी वाजायची, हातपाय गार, घरात सगळे पंखा लावून बसलेत आणि मी शाल घेऊन. डॉक्टर मॅडम म्हणाल्या खाणं कमी पडतंय. मग तीळ, भोपळ्याच्या बिया, जवस, अक्रोड, अ‍ॅव्होकाडो, केळी, खजूर असं मोजून वाढवलं. सॅलडमध्ये तेल किंवा बिया असल्याच पाहिजेत, नुसत्या कोरड्या गाजरातलं बीटा कॅरोटीन नीट शोषलं जात नाही, त्याला फॅट लागतं.

बाजारात 'कच्चं' म्हणून मिळणारं सगळं कच्चं नसतं हे पण याच काळात कळलं. काजूच्या टरफलात कातडीला फोड आणणारं तेल असतं, त्यामुळे फोडायच्या आधी ते वाफवतात किंवा भाजतात. पाकिटातले चपटे ओट्स पण वाफवूनच दाबलेले असतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण जे लोक काटेकोर पाळतात त्यांना धक्का बसतो.

फायदा लवकर दिसला, ते नाकारत नाही. गोड खायची ओढ खूप कमी झाली, दुपारी चारच्या सुमारास जे काहीतरी चटकमटक हवं असायचं ते गेलं. पोट साफ. वजन उतरायला लागलं, आधी कंबरेवरून. पुढच्या टेस्टमध्ये एचबीएवनसी रेंजच्या खाली आलं, एलडीएलही कमी. घरात सगळे खूष, मी तर फारच. याचं श्रेय 'कच्च्या'ला किती आणि बिस्किटं बंद झाली, वजन उतरलं, फायबर वाढलं, सावकाश चावून खाल्लं याला किती, हे मला वेगळं काढता येत नाही आणि खरंतर माझ्या एकटीच्या रिपोर्टवरून ते कोणालाच काढता येणार नाही. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो.

यानंतर पाळी थांबली.

सेहेचाळिशीत पाळी थांबली तर कोणीही म्हणणार मेनोपॉज जवळ आला. मीही तेच म्हणलं. पण डॉक्टर मॅडमनी वजनाचा आलेख बघितला आणि म्हणाल्या की हे वयामुळे आहे की खाणं कमी पडल्यामुळे, हे आत्ता नुसतं बघून सांगता येत नाही, या वयात एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, एका महिन्यात वर एका महिन्यात खाली असतं, त्यामुळे एका टेस्टवर पण भरवसा नाही. शरीराला येणारी ऊर्जा कमी पडली की मेंदू अंडाशयाकडे जाणारे सिग्नल मंद करतो, विशीतल्या खेळाडू मुलींमध्ये होतं तेच. मी घरी येऊन शोधलं तर जर्मनीत गीसेन इथे कच्चा आहार घेणाऱ्या लोकांचा मोठा अभ्यास झालेला सापडला, १९९९ साली छापलेला, पाचशेच्या वर लोक. बायकांचं वजन सरासरी १२ किलो उतरलेलं, चारातली एक बाई, म्हणजे साधारण २५ टक्के, गरजेपेक्षा कमी वजनाच्या. आणि ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी जवळजवळ ३० टक्के जणींची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद. आहारात कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त तितकं हे जास्त.

मध्यम वयात हे जास्त अवघड होतं ते इथे. तिशीत पाळी थांबली तर बाई घाबरून डॉक्टरकडे जाते. पंचेचाळिशीनंतर थांबली तर सगळेच म्हणतात वय झालं, आणि खरं कारण वर्षानुवर्षं झाकलं जातं. आणि दोन्ही परिस्थितीत इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं, म्हणजे हाडं झिजायची वेळ तीच. अमेरिकेत २००५ साली एक छोटा अभ्यास छापून आला, कच्चं वीगन, म्हणजे दूध-अंडीही नसलेलं, खाणारी १८ माणसं, सरासरी वय ५४, काही वर्षं हाच आहार. त्यांच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता बरोबरीच्या इतर लोकांपेक्षा कमी निघाली. गंमत म्हणजे त्यांचं व्हिटॅमिन डी चांगलं होतं आणि हाडांची मोडतोड वाढल्याची खूणही रक्तात नव्हती, म्हणून ही हाडं हलकी असली तरी ठिसूळ असतीलच असं नाही, असंही ते संशोधक म्हणतात. पण फक्त १८ माणसं. मी काही त्या आशेवर माझा खुबा सोडणार नव्हते. माझ्या पहिल्या डेक्सामध्ये टी-स्कोअर ऑस्टिओपेनियाच्या जवळ होताच (टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, तो उणे १ ते उणे २.५ मध्ये असला की ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली). आणि चाळिशीनंतर स्नायू पण घटत जातात, वजन काट्यावर उतरतंय म्हणजे चरबीच उतरतेय असं धरून चालता येत नाही.

त्या दिवशी रात्री नवऱ्याशी बोलले. तो जास्त बोलत नाही पण तेव्हा म्हणाला, तू शुगरसाठी सुरू केलंस ना, शुगर आली ना ताब्यात, मग आता हाडांसाठी काय करायचं ते बघ. मला ते एकदम पटलं. मी रात्रीचं जेवण परत शिजवलेलं केलं. डाळ, अंडं, दही, उकडलेल्या भाज्या, थोडा भात. शिवाय आठवड्यातून काही वेळा वजनं उचलायचा व्यायाम. कॅलरी वाढवल्या. काही महिन्यांनी पाळी परत आली, अनियमित, या वयात असते तशी. तेव्हा मला रडू आलं, पाळी आली म्हणून रडू येणं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण शरीराने परत उत्तर दिल्यासारखं वाटलं.

कॅल्शियमच्या बाबतीत एक समजूत मी कितीतरी ठिकाणी बघते की पालक भरपूर खा, कॅल्शियम मिळतं. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक, इतकं आहे की त्यातलं साधारण ५ टक्केच शोषलं जातं, दुधातलं २८ टक्क्यांच्या आसपास. रोज मोठा ग्लास पालकाची कच्ची स्मूदी पिणाऱ्यांना याहून मोठा धोका आहे, ऑक्झलेट मूत्रपिंडात साठून किडनी खराब झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, विशेषतः ज्यांची किडनी आधीच थोडी कमजोर आहे किंवा ज्यांना मुतखड्याचा इतिहास आहे. पालक उकळून पाणी टाकून दिलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. म्हणजे पालक शिजवूनच बरा. मी कच्च्यासाठी लेट्यूस, कोबी, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), कोथिंबीर वापरते. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, पण शिजवल्यावर जास्त मिळतं, आणि गीसेनच्याच लोकांमध्ये बीटा कॅरोटीन छान पण लायकोपीन कमी असं निघालं होतं. उलट व्हिटॅमिन सी उकळल्यावर जातं, म्हणून ढोबळी मिरची, लिंबू, पेरू कच्चेच. कुठली भाजी कशी, हे एकेक बघावं लागतं.

बी१२ बद्दल वाद घालायला मी तयार नाही. वनस्पतीत ते भरवशाचं नसतं. गीसेनमध्ये तपासलेल्या २०१ लोकांपैकी ३८ टक्क्यांना कमतरता निघाली. न धुतलेल्या भाज्यांवरच्या मातीतून मिळतं, शेवाळातून मिळतं, असलं ऐकून कोणी थांबू नका, बी१२ कमी पडलं तर हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. पन्नाशीकडे जाताना काही जणांचं जठरातलं अ‍ॅसिड कमी होतं, त्यांना अन्नातलं बी१२ सुटून येणं पण अवघड होतं, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर अजूनच. गोळी घ्यावी, अधूनमधून पातळी तपासावी.

दातांचं मला डेंटिस्टने सांगितलं, नेहमीच्या क्लीनिंगला गेले तेव्हा. विचारलं, लिंबूपाणी फार पिता का. मी दिवसभर घोट घोट प्यायची, शिवाय संत्री, अननस, बेरी. दाताचं इनॅमल पीएच साडेपाचच्या खाली गेला की मऊ पडायला लागतं, लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास. गीसेनमध्ये दात पण तपासले होते, कच्चं खाणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे झिजलेले, पण झीज इतरांमध्येही बरीच होती, खरा फरक जास्त झिजलेल्यांमध्ये, तिथे प्रमाण साधारण दुप्पट. आता आंबट फळं जेवणाबरोबरच, मधेमधे नाही. नंतर साध्या पाण्याने चूळ, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, अर्धा-एक तास थांबायचं, नाहीतर मऊ पडलेलं इनॅमल आपणच घासून काढतो.

आता मोड आलेल्या धान्यांबद्दल, कारण इथे मी कच्च्या आहारवाल्यांच्या अगदी विरुद्ध आहे. मोड कच्चे खाणं हे सगळ्यात पवित्र मानलं जातं. पण मोड यायला जे लागतं, ऊब आणि ओल, तेच जंतूंना वाढायला लागतं. बी वर एखाद-दुसरा जंतू असला तर दोन-तीन दिवसात तो लाखोंच्या संख्येत जातो, आणि बीच्या चिरेत बसलेला असला तर कितीही धुवा, निघत नाही. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली ती मेथीच्या मोडांवरून, चार हजारांच्या जवळ लोक आजारी, पन्नासहून जास्त दगावले, आणि बऱ्याच जणांची किडनी बंद पडली. त्यात बहुतेक मध्यमवयीन निरोगी बायका होत्या, आरोग्यासाठी सॅलड खाणाऱ्या. हे वाचल्यावर मी मोड वाफवूनच खाते, चांगले वाफ येईपर्यंत. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई, लहान मूल, केमो चालू असलेलं कोणी असेल तर त्यांना कच्चे मोड अजिबात देऊ नयेत.

राजम्याचं तर याहून कडक. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे चार-पाच दाण्यांनीसुद्धा काही तासात जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात. मंद आचेवर तासनतास ठेवून भागत नाही, भिजवून ते पाणी टाकून नव्या पाण्यात खळखळून उकळावाच लागतो. हिरवट पडलेले किंवा कोंब आलेले बटाटे नकोत, कसावा (ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद) कच्चा कधीच नको. काकडी, दुधी, भोपळा या कुळातलं काहीही कच्चं खाताना किंवा रस काढताना आधी छोटा तुकडा चाखायचा, कडू लागला तर सगळं फेकून द्यायचं, तो कडवटपणा म्हणजे क्युकरबिटासिन, आणि औषध आहे म्हणून डोळे मिटून प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. यात भीड ठेवू नका.

घरच्यांचं म्हणाल तर मी माझं माझ्यापुरतं ठेवलं. सासूबाईंना सुरुवातीला वाटलं की मी आजारी आहे आणि लपवतेय, त्यांना रिपोर्ट दाखवले तेव्हा शांत झाल्या. मुलगी माझ्या वाडग्यातलं खाते, पण तिच्यावर मी हे लादलं नाही, वाढत्या वयात नुसतं कच्चं खाऊ घालणं मला योग्य वाटत नाही. बाहेर जेवायला गेलं की आधीच थोडा सुकामेवा खाऊन जाते आणि तिथे जे असेल त्यातलं शिजवलेलं गरम खाते, बाहेरचं कापून ठेवलेलं सॅलड नाही.

औषधं चालू असलेल्यांसाठी हे वेगळं सांगते, कारण मला मेसेज येतात ते बहुतेक याच वयाच्या लोकांचे आणि या वयात काही ना काही गोळी असतेच. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असाल तर अचानक पालेभाज्या वाढवल्या की व्हिटॅमिन के वाढून गोळीचा परिणाम कमी होतो, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, बघून डोस जुळवावा लागतो, त्यामुळे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील आणि खाण्यातलं पिष्ट एकदम कमी झालं तर शुगर धोकादायक खाली जाते. बीपीची गोळी वजन उतरल्यावर जास्त होऊ शकते. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिनबरोबर, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर, नको. थायरॉईड कमी असेल तर रोज मोठ्या प्रमाणात कच्चा कोबी-केल खाणं टाळावं आणि आयोडीनचं मीठ सोडू नये, सैंधव मिठात आयोडीन पुरेसं नसतं.

सध्या माझा दिवस असा असतो. सकाळी फळं, भिजवलेला सुकामेवा, बिया, आणि बरोबर दही. दुपारी मोठा वाडगा कच्च्या भाज्यांचा, तेल-लिंबू, तीळ, वर वाफवलेले मोड किंवा उकडलेलं अंडं. रात्री शिजवलेलं. वजन थोडं परत वाढलंय आणि ते मला हवंच होतं. एचबीएवनसी अजून रेंजच्या खाली आहे, फेरिटिन हळूहळू वर येतंय, बी१२ ची गोळी चालू. डेक्सा परत करायचाय, डॉक्टर मॅडम म्हणाल्या दोन स्कॅनमध्ये पुरेसं अंतर हवं, नाहीतर मशीनच्या चुकीइतकाच फरक दिसतो. हाड आहे तिथेच टिकलेलं दिसलं तर हेच चालू ठेवणार. घटलेलं दिसलं तर दुपारचा वाडगा पण अर्धा शिजवलेला होईल, औषध लागलं तर औषध घेईन.